वर्गांतील यंत्र आणि गुरुजी

शाळेंत यंत्र आलें कीं शिक्षण आपोआप सुधारतें, असें मानणारा एक पक्ष आहे. यंत्र आलें कीं गुरुजींचें आसन डळमळलें, अशी धास्ती घेणारा दुसरा पक्ष आहे. वास्तविक खडू आणि फळा हींहि एके काळीं नवींच साधनें होतीं. आज त्यांना कोणी यंत्र म्हणत नाहीं, इतकेंच. हा वाद नुसत्या तर्कावर न सोडतां एखाद्या प्रत्यक्ष प्रयोगाकडे पाहिलें, तर दोन्ही पक्षांस घेण्याजोगें पुष्कळ सांपडेल. असा एक मोठा प्रयोग याच देशांत १९७५-७६ सालीं झाला. त्याचें नांव उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग; इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'साइट' म्हणत.

कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांची. शहरांतून हळूहळू खेड्यांकडे न जातां दूरचित्रवाणी प्रथम खेड्यांतच न्यावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६९ सालीं अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशीं करार झाला. परंतु प्रयोग पाहण्यास साराभाई उरले नाहींत. १९७१ सालच्या डिसेंबरांत त्यांचें निधन झालें. पुढें 'एटीएस-६' नांवाचा अमेरिकन उपग्रह एका वर्षापुरता भारतास वापरावयास मिळाला, आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळांत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्यावरून कार्यक्रम पोंचले. तीं राज्यें म्हणजे राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा (आजचा ओडिशा), आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. महाराष्ट्रांतील खेडीं त्यांत नव्हतीं. मात्र सोलापुरास लागून असलेले विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे होते.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते तितक्याच काळांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळें खालून पाहणारास तो एकाच जागीं टांगल्यासारखा असतो, आणि त्याच्याकडे एकदां रोखलेली छत्री पुनः पुनः वळवावी लागत नाहीं. या उपग्रहास सुमारें ३० फूट व्यासाची छत्री होती. तिनें लहरी एकवटून जोरानें खालीं धाडल्यामुळें खेड्यांत प्रचंड यंत्रणेची गरज उरली नाहीं. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री आणि एक संच एवढ्यावर काम भागे. ज्या गांवीं वीज नव्हती, तेथें कांहीं ठिकाणीं बॅटरीवर चालणारे संच दिले होते.

सकाळीं दीड तास शाळकरी मुलांसाठीं राखलेला होता. हिंदी, उडिया, तेलगू व कन्नड या चार भाषांत तो वांटला असतां प्रत्येक भाषेस सुमारें २२ मिनिटें येत. येथेंच खरी अडचण सुरू होते. पांच वर्षांचें आणि बारा वर्षांचें मूल एकाच संचासमोर बसे. पडद्यावरील आवाज कोणासाठीं थांबत नाहीं; 'समजलें का?' असें तो विचारीत नाहीं, आणि विचारलें तरी उत्तर त्याच्या कानीं पडत नाहीं. ज्यास समजलें त्याचा लाभ झाला. ज्यास समजलें नाहीं तें मूल चित्रें पाहून घरीं गेलें.

हा दोष यंत्राच्या स्वभावांतच आहे, आणि त्याची भरपाई यंत्र करूं शकत नाहीं. ती गुरुजींनींच करावयाची. समजा, पाठ बाष्पीभवनाचा आहे. पाठापूर्वीं गुरुजींनीं एकच प्रश्न टाकावा: वाळत घातलेल्या धोतरांतील पाणी जातें कोठें? चित्र चालू असतां त्यांनीं पडद्याकडे नव्हे, तर मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहावें. पाठ संपतांच एक ओलें फडकें उन्हांत व एक सावलींत घालावयास मुलांस सांगावें. पडद्यानें जिज्ञासा चाळविली. ज्ञान पक्कें झालें तें त्या दोन फडक्यांनीं.

प्रयोगाच्या चालकांसहि ही गोष्ट उमगली होती. म्हणूनच त्या वर्षांत सुमारें पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचें प्रशिक्षण देण्यांत आलें. त्यांत दूरचित्रवाणीच्या जोडीस नभोवाणी, छापील साहित्य आणि हातांनीं करावयाचे प्रयोग असे. वर्ष संपलें, आणि उपग्रह परत गेला. कांहीं भागांत जमिनीवरील केंद्रांवरून प्रक्षेपण पुढें चालू राहिलें. इतरत्र पडदे मुके झाले. गांवांत मागें राहिले ते शिकलेले गुरुजी. २००४ सालीं भारतानें केवळ शिक्षणासाठीं 'एज्युसॅट' उपग्रह सोडला. त्याचेंहि आयुष्य २०१० सालीं सरलें. यंत्राचें आयुष्य हें असें मोजकें असतें.

आजचें साधन अधिक सोयीचें आहे. २०१७ सालीं केंद्र सरकारनें 'दीक्षा' हा मंच सुरू केला, आणि पाठ्यपुस्तकांतील चौकोनी ठशावर मोबाइल धरला असतां त्या धड्याची चित्रफीत उघडूं लागली. ती थांबवितां येते, पुनः पाहतां येते. ही सोय उपग्रहाच्या पाठांत नव्हती. परंतु २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां ज्या घरीं मोबाइल नव्हता त्या घरच्या मुलाची शाळाच नाहींशी झाली. म्हणजे साधन सुधारलें, तरी तें कोणाच्या हातीं आहे हा प्रश्न कायमच राहिला.

म्हणून वर्गांत कोणतेंहि यंत्र आणण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. जें खडूनें दाखवितां येत नाहीं, तें यानें दिसतें काय? अंकुरणारें बीज किंवा धडधडणारें हृदय दाखवावयास चित्रफीत हवीच. पाढ्यांस ती नको. दुसरें, ऐन वेळीं वीज गेली तर पाठ पुढें चालेल काय? आणि तिसरें, पाठ संपल्यावर शेवटच्या रांगेंतील मुलानें स्वतःच्या हातानें कांहीं केलें काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर यंत्र खुशाल आणावें. तिसऱ्याचें नकारार्थी असेल, तर यंत्र कितीहि महाग असलें तरी त्या मुलापुरती शाळा भरलीच नाहीं असें समजावें.