पाटल्या मोडण्यापूर्वी...

परवा दुपारी शेजारच्या वहिनी एक रंगीत पत्रक घेऊन आल्या. "ताई, हे हायड्रोजनचं मशीन घेऊ का? रोज नळीतून वायू ओढायचा, म्हणजे हृदय, किडनी सगळं शाबूत राहतं म्हणे. पाटल्या मोडल्या तर पैसे जमतील." सहा महिन्यांपूर्वी दादांना हार्ट अ‍ॅटॅक आलेला. वहिनींची घालमेल मला कळत होती.

'फसवणूक आहे' म्हणून मी मोकळी झाले नाही. कारण मूळ संशोधन खरं आहे. अवयवाचा तुटलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला, की रक्ताबरोबर आलेल्या ऑक्सिजनपासून काही घातक रेणू तयार होतात आणि पेशींची नासधूस करतात. हायड्रोजन त्यातल्या सगळ्यात घातक रेणूंना निकामी करतो, असं २००७ मध्ये टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलच्या संशोधकांनी दाखवलं. पण ते उंदरांच्या मेंदूवर!

माणसांवरची मोठी चाचणीही जपानमधलीच. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेले, पण बेशुद्ध असे ७३ रुग्ण, १५ रुग्णालयं. काहींना श्वासातून २ टक्के हायड्रोजन १८ तास दिला. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. नव्वद दिवसांनी हायड्रोजन मिळालेल्यांपैकी ८५ टक्के हयात होते, इतरांपैकी ६१ टक्के. मात्र मेंदूचं काम नीट चालणाऱ्यांचं प्रमाण ५६ आणि ३९ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. कोविडमुळे चाचणी मध्येच थांबली, रुग्ण कमी पडले. म्हणजे आशा आहे, पुरावा अपुरा.

"आणि वहिनी, ते सगळं अतिदक्षता विभागात, पहिल्या काही तासांतलं. सहा महिन्यांनी घरी बसून वायू ओढण्याशी त्याचा काय संबंध? शिवाय हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला, तर ठिणगीने पेट घेतो. तुमच्या घरात शेगडी पेटलेली असते."

वहिनी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मशीनसाठी पैसे साठवायचे म्हणून यांच्या गोळ्या एक दिवसाआड देतेय."

माझ्या पोटात गोळाच आला. तशाच उठून आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या पुन्हा रोजच्या रोज सुरू झाल्या. पाटल्याही वहिनींच्या हातातच आहेत.

मैत्रिणींनो, नवं काही ऐकलंत तर जरूर विचारा. पण चालू औषध आधी बंद करू नका!