बाणकोटपासून पुढे : मराठीतील स्तोत्रसंहितेचा मागोवा

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोट येथे 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले आणि थोड्याच काळात ते दक्षिणेकडील हर्णै बंदरापर्यंत पोहोचले. बायबलमधील स्तोत्रसंहितेचे मराठीत जे पठण, गायन आणि मनन पुढील दोन शतकांत होत गेले, त्याचा कोकणातील धागा येथे हाती लागतो. भाषांतराचे काम त्याआधीच सुरू झाले होते. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी नवा करार 1811 साली प्रसिद्ध झाला होता आणि जुन्या कराराचे भागही त्यापाठोपाठ छापले जात होते. तथापि ग्रंथ उपलब्ध होऊनही तो लोकांच्या नित्यक्रमात रुजायला पिढ्या लागू शकतात आणि स्तोत्रसंहितेच्या बाबतीत तसेच झाले.

स्तोत्रसंहिता म्हणजे प्राचीन इस्राएलच्या उपासनेतून घडलेला 150 स्तोत्रांचा संग्रह होय. त्याचे पाच भाग मानले जातात आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या स्तोत्रांवर दावीद राजाचे नाव आहे. आसाफ, कोरहाचे पुत्र, एका ठिकाणी खुद्द मोशे, अशी इतर नावेही शिरोभागी आढळतात. या काव्यात यमकाला फारसे महत्त्व नाही. एक विचार पहिल्या चरणात मांडायचा आणि दुसऱ्या चरणात तोच वेगळ्या शब्दांत दुणवायचा किंवा त्याला विरोधी विचाराची जोड द्यायची, या समांतर रचनेवर ते उभे आहे. रॉबर्ट लौथ या इंग्रज विद्वानाने 1753 साली या रचनेचे पद्धतशीर विवेचन केले. नादापेक्षा अर्थाच्या पुनरुक्तीवर भर असल्यामुळेच हे काव्य परक्या भाषेत गेल्यावरही पुष्कळसे टिकून राहते.

बाणकोट आणि हर्णै येथे आलेले धर्मोपदेशक ज्या परंपरेतून आले होते, तिच्यात स्तोत्रे हाच उपासनेचा कणा होता. स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन चर्चने 1650 साली स्वीकारलेल्या छंदोबद्ध स्तोत्रावलीतून तेथील शेतकरी व कोळी कुटुंबे पिढ्यानपिढ्या गात आली होती आणि घरोघरी सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या कौटुंबिक उपासनेतही तिला स्थान होते. रॉबर्ट नेस्बिट 1827 साली, तर जॉन विल्सन 1829 साली या इलाख्यात आले आणि विल्सन यांचे मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर झाले. पुढे मुंबई आणि पुणे ही त्या मंडळींच्या कार्याची केंद्रे झाली व कोकणातील ठाणी मागे पडली. स्तोत्रांच्या गायनाची सवय मात्र या ठाण्यांत रुजल्याचे दिसत नाही. आठ आणि सहा अक्षरांच्या आलटूनपालटून येणाऱ्या स्कॉटिश चरणांना येथील कानाने आपले मानावे, अशी अपेक्षा करणेच मुळी भाबडेपणाचे होते.

विल्सन यांच्या कोकणवासाला एक वेगळे फळ मात्र आले. किनारपट्टीवरील बेने इस्राएल समाज मराठी बोलत होता, शनिवारचा विश्रामदिन पाळत होता, परंतु हिब्रू ग्रंथांशी त्याचा संबंध तुटलेला होता. विल्सन यांनी 1832 साली या समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. ज्या स्तोत्रांना ज्यू परंपरा ‘तेहिलिम’ म्हणते, ती त्यांच्या मूळ वारसदारांपर्यंत पोहोचण्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट अशी एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या मराठीतून गेली. हेतू धर्मप्रसाराचा होता. परिणाम मात्र त्या समाजाची स्वतःच्या धर्मावरील पकड घट्ट होण्यात झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल मंडळी बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही करू लागली.

ख्रिस्ती समाजात हा सांधा जुळवणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मला. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली करजगाव येथे झाला, 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि 1919 साली ते निवर्तले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती व ती त्यांच्या रचनेत शब्दशः खरी ठरली. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजन आणले. मोठ्या अभंगाचे चार चरण साधारणपणे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. त्यातील दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक आणि आखूड शेवटचा चरण यांमुळे तो कष्ट करता करता, चालता चालता म्हणता येतो. टिळकांची भजने म्हणजे स्तोत्रांची भाषांतरे नव्हेत, पण देवाशी थेट बोलण्याची स्तोत्रकर्त्याची वृत्ती आणि विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांची वृत्ती या दोहोंचे नाते त्यांच्याइतके कोणाला उमगले नव्हते. स्कॉटिश धर्मोपदेशकांना जे छंदामुळे साधले नाही, ते येथे साधले.

टिळकांच्या समकालीन पंडिता रमाबाई यांनी दुसऱ्या बाजूने हे काम केले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी सर्व बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनीच छपाईचे काम हाताळले आणि रमाबाईंच्या 1922 मधील निधनानंतर दोन वर्षांनी ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. दुष्काळातून वाचलेल्या मुली व विधवा यांच्या हाती हा ग्रंथ पडावा, ही त्यामागील दृष्टी होती. अनाथांचा पिता आणि विधवांचा कैवारी असे देवाचे वर्णन 68 व्या स्तोत्रात येते. हे वाक्य ज्या स्त्रियांच्या हाताखालून छापले गेले, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नित्य जीवनासाठी स्तोत्रांतून जे शिकायचे, ते बहुधा 23 व्या स्तोत्रातील मेंढपाळाच्या चित्राभोवतीच फिरत राहते; हे त्या संग्रहावर अन्याय करणारे आहे. पंधरावे स्तोत्र भक्ताची पारख व्यवहारावर करते: शेजाऱ्याची निंदा न करणारा, स्वतःचे नुकसान होत असतानाही दिलेला शब्द पाळणारा, पैसा व्याजाने न लावणारा. कोकणात कर्जापायी बागा गहाण पडत असताना ही कसोटी कोणाला लागू पडत होती, हे सांगावे लागत नाही. 107 व्या स्तोत्रात गलबतांतून व्यापारासाठी जाणारे दर्यावर्दी वादळात सापडतात, मद्यप्यासारखे झोकांड्या खातात आणि त्यांचे सगळे कसब संपल्यावर आकांत करतात. हर्णैच्या बंदरावर या प्रसंगाला भाष्याची आवश्यकता नाही. 73 वे स्तोत्र दुर्जनांची भरभराट पाहून आपले पाय जवळजवळ घसरले होते, अशी कबुली देते. आणि 88 वे स्तोत्र तर काळोखातच संपते, त्याच्या शेवटी दिलाशाचा एकही शब्द येत नाही. विलापस्तोत्रे, म्हणजे देवापुढे दुःखाची आणि कधी रागाचीही उघड तक्रार मांडणारी स्तोत्रे, या संग्रहात इतर कोणत्याही प्रकारापेक्षा अधिक आहेत. प्रार्थना करताना आधी मन शांत करून घ्यावे लागते, ही समजूत त्यांनी केव्हाच मोडीत काढली आहे.

या तक्रारीची भीती मात्र उपासना चालवणाऱ्या संस्थांना वाटत आलेली दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक मिस्सेमध्ये पहिल्या वाचनानंतर लोकांनी ध्रुपद म्हणत प्रतिसाद द्यायचे स्तोत्र लोकभाषेत आले व ते मराठी उपासनेतही रूढ झाले. परंतु त्याच सुधारणेतून 1971 साली सिद्ध झालेल्या नित्य प्रार्थनाविधीतून शत्रूंना शाप देणारी 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे संपूर्ण वगळण्यात आली. उपासकाच्या तोंडी शाप नसावेत, ही त्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. तरीही ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने आपला सूड स्वतः न घेता तो देवाच्या हवाली करावा, याचे शिक्षण त्या तीन स्तोत्रांत होते, आणि मराठी संतकाव्याच्या कानांना ते फार कडू वाटले असते असे नाही.