बियाण्याची पावती आणि शेतकऱ्याचा हक्क

गेल्या खरिपात एका शेताच्या पंचनाम्यास जाण्याचा प्रसंग आला. अडीच एकरांत सोयाबीन पेरलेले. दहा दिवस उलटले तरी तासांत तुरळकच रोपे दिसत होती. पावती मागितली, तेव्हा कळले की दुकानदाराने ती दिली नव्हती आणि शेतकऱ्यानेही मागितली नव्हती. पिशवी घरच्यांनी बाजारहाटासाठी धुऊन घेतली होती, तिची खूणचिठ्ठी उकिरड्यावर गेली होती. कंपनीचे नाव त्याला आठवत होते. परंतु लॉट क्रमांक कोणास आठवणार? रोपे मोजली, पेरणीची खोली पाहिली, अहवाल लिहिला; मात्र बियाण्याच्या तपशिलाचा रकाना रिकामाच राहिला.

त्या शेतकऱ्यास हक्क नव्हता असे नाही. १९६६ साली संसदेने बियाणे अधिनियम केला आणि १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्यावर बंधने घातली. खरेदीदारास रोखीची वा उधारीची पावती देणे आणि साठा व दर दुकानात लावून ठेवणे ही त्याची कर्तव्ये ठरली. तेव्हा पावती मागताना संकोच कशाला? तीवर जात, लॉट क्रमांक व तारीख लिहिली आहे ना, हे दुकानातच वाचून घ्यावे. प्रमाणित बियाण्यास निळी व सत्यप्रत बियाण्यास हिरवी खूणचिठ्ठी असते. ती, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपावे.

बियाणे राखून ठेवले नसेल, तरी सर्व काही संपले असे मानू नये. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात राष्ट्रीय बीज निगमाने हाच आक्षेप घेतला होता की नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. शेतकरी विकत घेतलेले सर्व बियाणे पेरतो, पुढे वाद होईल म्हणून ते बाजूस काढून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, आणि तो ग्राहकच आहे, असा निर्णय झाला.

खरी अडचण निराळीच आहे. पंचनाम्यास उभे शेत लागते आणि वाफसा तर कोणासाठी थांबत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी दुबार पेरणी करू नका, असे शेतकऱ्यास कोणत्या तोंडाने सांगावे? माझा सल्ला असा : उगवण विरळ दिसताच त्याच दिवशी तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. समिती येण्यापूर्वी मोडणे भागच पडले, तर शेताच्या मधोमध काही तास तसेच राखावेत आणि शेजाऱ्यांसमक्ष छायाचित्रे काढावीत. पूर्ण शेताची सर त्यास येणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे. त्याच लॉटचे बियाणे गावात आणखी कोणी पेरले असेल, तर त्याचे शेतही समितीस दाखवावे.

दोष बियाण्याचाच असतो असेही नव्हे. अपुऱ्या ओलीवर किंवा पाच सेंटिमीटरहून खोल पेरलेले सोयाबीन चांगले असूनही उगवत नाही, व समिती ते पाहतेच. म्हणून पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत; सत्तरांहून कमी उगवले तर पिशवी शिवण्यापूर्वीच परत नेता येते, हे म्हणणे सोपे आहे, पण निदान उरलेल्या पिशव्या तरी न फोडता परत नेता येतात.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्जाचा नमुना पेरणीपूर्वीच चावडीवर लावून ठेवावा.