काडेपेट्यांना खेळ शिकवताना

कृत्रिम बुद्धिमत्तेचा छंद जोपासायचा तर महागडा संगणक हवा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मला इथे पालीत पुरल्या त्या वाण्याकडच्या दोन डझन काडेपेट्या आणि बल्लाळेश्वराच्या वाटेवरच्या दुकानातले रंगीत मणी. (रिकाम्या केलेल्या पेट्यांमधल्या काड्यांचं काय करायचं, हा घरातला वाद वेगळा.)

मूळ कल्पना डोनाल्ड मिची यांची. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये अ‍ॅलन ट्युरिंगसोबत काम केलेल्या या गृहस्थांनी १९६१ साली ३०४ काडेपेट्यांचं एक यंत्र रचलं. ते फुली-गोळा खेळायचं आणि खेळता खेळता सुधारायचं. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात मार्च १९६२ मध्ये याच धर्तीवरचा एक छोटा खेळ दिला. हेच ते गार्डनर, ज्यांनी पुढे १९७५ साली देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या जगभरच्या वाचकांपुढे नेली. हौशी माणसांची कदर असलेला लेखक.

गार्डनरांच्या खेळाला तीन बाय तीनचा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी आणि २४ पेट्या लागतात. प्यादं एक घर सरळ चालतं, तिरकं मारतं. पलीकडची ओळ गाठली, समोरच्याची सगळी प्यादी मारली किंवा त्याला चालच उरू दिली नाही, की डाव जिंकला. प्रत्येक पेटीवर पटावरची एक स्थिती काढायची, शक्य असलेल्या चालींचे रंगीत बाण दाखवायचे आणि आत त्या त्या रंगाचा एकेक मणी टाकायचा. पहिली चाल माणसाची. पेट्यांची पाळी आली की समोरच्या स्थितीची पेटी शोधून हलवायची, न बघता मणी उचलायचा आणि त्या रंगाची चाल खेळायची. पेट्या डाव हरल्या तर त्यांच्या शेवटच्या चालीचा मणी जप्त. एवढंच.

सुरुवातीला पेट्या सपाटून हरतात. मग हळूहळू त्यांना हरवणं जड जायला लागतं. सुट्टीत आलेला माझा भाचा वैतागून म्हणाला, "मामा, तू हिला गुपचूप सांगतोस ना?" सांगत कुणीच नव्हतं, वाईट चालींचे मणी आत उरले नव्हते. आणखी एक गंमत दिसली. समोरचा एकाच पद्धतीने खेळत राहिला तर बऱ्याच पेट्या उघडल्याच जात नाहीत, त्या कोऱ्याच राहतात. वेडंवाकडं खेळणारं पोर हा त्यांचा उत्तम मास्तर.

हाच खेळ पायथॉन या संगणकभाषेत लिहायला बसलं की खरी अडचण कळते. हरण्याचा दोष कुणाला द्यायचा? इथे शेवटच्या चालीला दिला तरी भागतं, कारण डाव चार-सहा चालींत आटोपतो. बुद्धिबळात घोडचूक दहाव्या चालीला होते आणि मात चाळिसाव्या. मार्विन मिन्स्की यांनी १९६१ मध्येच हा प्रश्न ठळकपणे मांडला होता. न्यूरल नेटवर्कमध्ये चुकीचा वाटा मागे मागे मोजत त्या जाळ्यातल्या एकेका आकड्यापर्यंत नेतात. बॅकप्रोपगेशन ही त्याची रीत १९८६ नंतर रुळली. २०२० च्या जीपीटी-३ या भाषेच्या मॉडेलमध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते. त्यांची पेट्यांतल्या मण्यांशी दूरची सोयरीक मला दिसते. पण पेटी उघडून मणी मोजता येतात, तिथे ती सोय नाही.

माणूसही असाच शिकतो का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आर. नरसिंहन यांना या प्रश्नाने पछाडलं होतं. संस्थेत बांधलेला आणि १९६० साली पूर्ण क्षमतेने सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणक उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे ते यंत्रांकडून भाषेकडे वळले आणि एका तमिळ घरात लहान मुलीशी रोज होणाऱ्या बोलण्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मूल भाषा शिकतं ते मोठ्यांशी चाललेल्या देवाणघेवाणीतून, यावर त्यांचा भर होता. माझ्या पेट्यांना जिंकणं-हरणं याखेरीज कसलीच देवाणघेवाण ठाऊक नाही, आणि मला वाटतं, नेमकं इथेच त्यांचं शिकणं तोकडं पडतं.

आता चार बाय चारचा पट घ्यायचा विचार आहे. त्याच्या स्थिती इतक्या होतात की काडेपेट्या घरात मावायच्या नाहीत. त्यासाठी मात्र संगणकच लागेल.