दारूचा रंग, दारू उडून गेल्यावर

रंगीत छायाचित्रणाने मद्याची जी प्रतिमा आपल्या डोळ्यांत बसवली, ती खरे तर पेल्याची प्रतिमा आहे. मागून सोडलेला उजेड, काचेवर ग्लिसरीन फवारून उभे केलेले थेंब, कधीच न वितळणारे अॅक्रिलिकचे ‘बर्फाचे’ खडे, ही सगळी स्टुडिओतली कारागिरी. व्हिस्कीचा सोनेरी रंगसुद्धा लाकडी पिंपाचा असतो आणि पुष्कळदा कॅरॅमलचा. मद्याचे स्वतःचे म्हणून काही चित्र निघू शकते का, या प्रश्नाचा खरा पाठपुरावा जाहिरातवाल्यांनी नव्हे, तर फ्लोरिडा राज्य विद्यापीठात सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या मायकेल डेव्हिडसन यांनी केला. पेयाचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, तो पूर्ण सुकू द्यायचा आणि जे मागे उरेल त्याचे ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात छायाचित्र घ्यायचे, एवढीच त्यांची रीत. १९९०च्या दशकात या चित्रांचे नेकटाय निघाले आणि धडाक्यात खपले. पुढे ‘बेव्हशॉट्स’ या नावाने तीच चित्रे भिंतीवर लावायला मिळू लागली. नेकटायमुळे हा माणूस गमतीदार वाटतो आणि त्याच्या कामातला मुद्दा नजरेआड होतो.

मुद्दा असा, की या चित्रांत दारू नसतेच. इथेनॉल पहिल्याच झटक्यात उडून जाते. उरतात ती आम्ले, साखरा आणि क्षार. ध्रुवक म्हणजे असा प्रकाश गाळून देणारी फीत. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात धरले की मधून उजेड येत नाही, सगळे काळेभोर दिसते. त्यांच्यामध्ये स्फटिक आला, की तो प्रकाशकिरण दुभंगतो. दोन्ही भाग स्फटिकातून वेगवेगळ्या वेगाने जातात आणि बाहेर पुन्हा एकत्र येताना काही रंग मारले जातात, काही उजळतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग उमटतात, तेही असेच किरणांच्या बेरीज-वजाबाकीने. म्हणूनच ‘हे रंग खोटे’ हा आक्षेप मला पटत नाही. त्यात कोणी रंग घातलेला नसतो. कोणता रंग दिसणार हे स्फटिकाची जाडी, जात आणि ठेवण ठरवते, आणि भूशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे याच रंगांवरून दगडातली खनिजे ओळखत आले आहेत.

या गोष्टीचे मूळही वाइनच्या पिंपात आहे. पिंपाच्या आतल्या बाजूला साचणाऱ्या खरपुडीतून टार्टारिक आम्ल मिळते. त्याचेच एक जुळे आम्ल असे होते, की रासायनिक घटक अगदी तेच, पण ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा मात्र ते वळवत नसे. १८४८ मध्ये पंचविशीच्या लुई पाश्चरने त्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. काही उजव्या हातासारखे होते, काही डाव्या. चिमट्याने एकेक वेचून त्याने दोन ढीग केले आणि ते वेगवेगळे विरघळवले. एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. वयोवृद्ध शास्त्रज्ञ बिओ यांचा विश्वास बसेना. त्यांनी पाश्चरला बोलावून घेतले आणि हा प्रयोग स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा करायला लावला. रेणूंनाही डावे-उजवे असते, हे विज्ञानाला कळले ते वाइनच्या या गाळाचा माग काढताना.

आता हीच नजर रत्नागिरीकडे वळवून पाहावी. मिरजोळ्यासारख्या गावाच्या आसपास फेब्रुवारी ते मे काजूची बोंडे लाल-पिवळी होऊन झाडाखाली पडतात. बी उचलली जाते आणि बोंडे बव्हंशी तिथेच कुजतात. गोव्यात त्याच बोंडांच्या रसाची आधी उर्राक आणि मग फेणी होते, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फेणी पाण्यासारखी नितळ असते. पेल्यात तिचे रंगीत छायाचित्र काढणे म्हणजे काचेच्या कडांचेच छायाचित्र काढणे. काचपट्टीवर तर तिची आणखी पंचाईत, कारण साखर, आम्ल, कषाय असे न उडणारे सगळे ऊर्ध्वपातनात भट्टीवरच्या भांड्यातच राहते. डेव्हिडसन यांनाही व्होडकासारख्या शुद्ध मद्यांनीच अधिक छळले. कॉकटेलमधला फळांचा रस मात्र भरभरून रंग देई.

म्हणून माझे म्हणणे असे, की फेणीचे चित्र एकट्या फेणीचे काढूच नये. बोंडाचा ताजा रस, आंबलेला रस, उर्राक आणि फेणी अशा चार काचपट्ट्यांची मालिका करावी. बोंडात क जीवनसत्त्व भरपूर असते आणि शुद्ध रूपात त्याचे स्फटिक ध्रुवित प्रकाशात देखणे पंखे उलगडतात. रसात मात्र ते साखरेशी झगडते. साखर चिकट, त्यात कोकणची हवा दमट, त्यामुळे उघड्यावर ठेवलेला थेंब सुकतच नाही. सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात दिवसच्या दिवस ठेवला, तर कडेने स्फटिक धरण्याची आशा. याला शाळेतला सूक्ष्मदर्शक आणि ध्रुवक फितीचे दोन तुकडे पुरतात. चौथी पट्टी बहुधा काळीच निघेल, पण ती वगळू नये. भट्टीने काय काय मागे ठेवले, हे तीच सांगते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एकाच थेंबातून, सुकण्याच्या वेगानुसार, शंभर वेगळी चित्रे निघतात आणि त्यांतले देखणे ते छायाचित्रकार निवडतो. चित्रावरून पेय ओळखता येणार नाही, ही काही भेसळतपासणी नव्हे, हे मान्यच. पण व्यक्तिचित्रातही चित्रकार हजार मुद्रांमधली एकच निवडतो. दुसरा आक्षेप, की हे दारूचे उदात्तीकरण आहे. पण मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ चाच दाखला घ्या. त्यातला मद्याची भलामण करण्यावरच्या मनाईचा भाग सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात भाषणस्वातंत्र्याच्या कारणावरून रद्द ठरवला होता. इथे तर भलामणही नाही. या काचपट्ट्यांवर बाटली नाही, नाममुद्रा नाही, पिणारा नाही आणि मद्यार्काचा अंशही नाही. सोड्याच्या नावाखाली दारूची नाममुद्रा मिरवणाऱ्या जाहिराती खपवून घ्यायच्या आणि सुकलेल्या रसाच्या स्फटिकांवर संशय घ्यायचा, हे काही न्यायाचे नाही.