दूरसंचारातून दूरचित्रवाणीकडे

टेलिफोन कंपनीत सव्वीस वर्षे काढलेली व्यक्ती देशाची दूरचित्रवाणी चालवू शकेल काय, हा प्रश्न एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्समध्ये चर्चेचा झाला होता. देल्फीन एर्नोत यांची 'फ्रान्स टेलिव्हिजन्स' या सार्वजनिक वाहिनीसमूहाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा वाहिन्यांच्या कारभाराचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला होत.

१९६६ मध्ये बायोन येथे जन्मलेल्या एर्नोत यांनी पॅरिसच्या 'एकोल सेंत्राल'मधून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९८९ मध्ये 'फ्रान्स टेलिकॉम'मध्ये प्रवेश केला. तेव्हा हे सरकारी खाते होते. पुढे त्याचे समभाग बाजारात आले, मक्तेदारी संपली आणि २०१३ मध्ये कंपनीने 'ऑरेंज' हे नाव धारण केले. या स्थित्यंतराच्या काळात एर्नोत यांनी वित्तविश्लेषणापासून विक्री विभाग आणि प्रादेशिक संचालकपदापर्यंतच्या पायऱ्या चढल्या. कंपनीच्या फ्रान्समधील व्यवसायाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि लगेचच जानेवारी २०१२ मध्ये 'फ्री' कंपनीने दोन युरोंत मोबाइल सेवा देऊन बाजार हादरवला. ऑरेंजने त्याआधीच, ऑक्टोबर २०११ मध्ये, 'सोश' ही स्वस्त सेवा सुरू केली होती. प्रतिस्पर्धी दारात येण्यापूर्वी तयारी करण्याचा हा धडा त्यांना पुढे उपयोगी पडला.

दूरचित्रवाणीत प्रेक्षक संचाकडून मोबाइलकडे वळू लागला होता. एर्नोत यांच्या कारकिर्दीत २०१६ मध्ये सार्वजनिक रेडिओच्या साथीने 'फ्रान्सइन्फो' ही वृत्तवाहिनी आली आणि २०१७ मध्ये इंटरनेटवरील 'फ्रान्स डॉट टीव्ही' हे व्यासपीठ उभे राहिले. सारेच बेत मात्र फळले नाहीत. खासगी वाहिन्यांशी भागीदारी करून २०२० मध्ये काढलेली 'साल्तो' ही सशुल्क सेवा २०२३ मध्ये गुंडाळावी लागली. दूरचित्रवाणीवर पन्नाशी ओलांडलेल्या गोऱ्या पुरुषांचेच राज्य आहे, या त्यांच्या २०१५ मधील विधानाने वाद उठला. काटकसरीमुळे कर्मचारीही नाराज झाले. डिसेंबर २०१७ मध्ये पत्रकारांनी त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. तरीही २०२० आणि २०२५ मध्ये त्यांची फेरनिवड झाली. २०२१ मध्ये युरोपीय प्रसारण संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

या कारकिर्दीतील खरी कसोटी तंत्रज्ञानाची नाही, स्वायत्ततेची आहे. २००९ च्या कायद्याने या पदावरील नेमणुकीचा अधिकार थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेला होता. २०१३ मध्ये तो स्वतंत्र प्रसारण नियामकाकडे परत आला, आणि या बदलानंतर निवडल्या गेलेल्या समूहाच्या पहिल्या अध्यक्ष म्हणजे एर्नोत. नेमणूक सरकारच्या हातून सुटली, पैसा मात्र उलट दिशेने गेला. संच बाळगणाऱ्या घरांकडून वर्षाला १३८ युरोंचे शुल्क घेतले जात असे. ते २०२२ मध्ये रद्द करण्यात आले. त्याऐवजी मूल्यवर्धित कराच्या उत्पन्नातील वाटा या वाहिन्यांना देण्याचे ठरले. नागरिकांचा भार हलका झाला, हे खरे. परंतु प्रेक्षकाने थेट भरलेला पैसा आणि अर्थसंकल्पातून दरवर्षी मिळणारा पैसा यांत मोठा फरक असतो. दुसऱ्या प्रकारात मोठा वाटा किती, हे सत्तेवरील बहुमत ठरवते, आणि वाहिनीच्या बातम्या त्याच बहुमताची चिकित्सा करीत असतात.

दूरसंचार कंपनीला ग्राहक सांभाळावा लागतो. सार्वजनिक वाहिनीला प्रेक्षकाबरोबर पैसा देणाऱ्या संसदेलाही तोंड द्यावे लागते, तेही आपला आवाज न गमावता. ही कसरत अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही.