सहाच ब्रेकपॉइंट का?

गेल्या आठवड्यात डिबगरच्या हुकमाने कोअर जागच्या जागी कसा थांबतो हे पाहून झाल्यावर, या आठवड्यात आयटीएमकडे, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्याकडून बातमी काढून घेणाऱ्या यंत्रणेकडे वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी इचलकरंजीहून एका वाचकांचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न इतका मूलगामी आणि माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे की, आयटीएमला आणखी एक आठवडा तिष्ठत ठेवणे मला भाग आहे. पत्रलेखक एसटीएम३२एफ१०३ ही चिप वापरतात, आणि त्यांचा अनुभव असा की, सहा ब्रेकपॉइंट निमूटपणे लागतात, सातवा लावू जाताच मात्र डिबगर साफ नकार देतो. टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पन्नास लावले तरी अशी आडकाठी येत नाही. तेव्हा हा दोष डिबगरचा की चिपचा, असे त्यांनी विचारले आहे.

दोष कोणाचाच नाही. टेबलावरच्या संगणकात प्रोग्रॅम रॅममध्ये असतो, आणि रॅममधील कोणताही बाइट क्षणात बदलता येतो; म्हणून डिबगर हव्या त्या ठिकाणची मूळ आज्ञा स्वतःच्या दफ्तरी नोंदून ठेवतो, तिच्या जागी थांबण्याची आज्ञा लिहितो, आणि काम झाले की मूळ आज्ञा परत बसवतो. कॉर्टेक्स-एम घराण्यात थांबण्याच्या या आज्ञेचे नाव बीकेपीटी असून ती अवघ्या १६ बिटांची आहे. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम मात्र फ्लॅशमध्ये वसलेला असतो, आणि फ्लॅशमध्ये लेखन करताना बिट एकाचा शून्य करता येतो, शून्याचा पुन्हा एक करावयाचा तर संपूर्ण पान पुसावे लागते. पत्रलेखकांच्या चिपमध्ये हे पान १ किलोबाइटचे आहे, आणि ते १०,००० वेळा पुसण्यापर्यंतच टिकण्याची हमी आहे. दोन बाइटांची एक आज्ञा बदलण्यासाठी १,०२४ बाइट पुसून पुन्हा लिहावयाचे, आणि तेही प्रत्येक ब्रेकपॉइंट लावताना व काढताना, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

यावर केंब्रिजच्या आर्म कंपनीच्या अभियंत्यांनी २००४ साली जाहीर झालेल्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये, म्हणजे पत्रलेखकांच्या चिपमध्ये असलेल्या कोअरमध्येच, जो बंदोबस्त केला, त्याचे नाव एफपीबी, म्हणजे फ्लॅश पॅच अँड ब्रेकपॉइंट. या विभागात आज्ञांसाठी सहा कंपॅरेटर आहेत, आणि वेशीवर उभ्या केलेल्या सहा पहारेकऱ्यांप्रमाणे त्यांतील प्रत्येकाला एकेक पत्ता नेमून दिलेला असतो. कोअर फ्लॅशमधून आज्ञा मागवतो तेव्हा मागितलेला पत्ता या सहाही पत्त्यांशी एकाच वेळी ताडून पाहिला जातो, आणि एखादा जुळला की फ्लॅशमधील मूळ आज्ञेऐवजी कोअरच्या हाती बीकेपीटी पडते. फ्लॅशमधील एक बिटही हलत नाही.

येथे एक बारकावा आहे, आणि त्याचे सौंदर्य मला इतक्या वर्षांनंतरही तितकेच मोहविते. आज्ञा मागविणे निराळे आणि तिचा अंमल करणे निराळे, कारण पाइपलाइन असलेला कोअर पुढच्या आज्ञा आगाऊ आणून ठेवतो आणि वाटेत उडी मारावी लागली तर त्या न वापरताच टाकून देतो. केवळ पत्ता जुळला एवढ्यावरून कोअर थांबला असता, तर ज्या मार्गाने प्रोग्रॅम गेलाच नाही त्या मार्गावरही तो अडला असता. परंतु बदली म्हणून आलेली बीकेपीटी इतर आज्ञांच्याच रांगेतून चालते. तिची पाळी आली तरच ती थांबविते, आणि रांग रद्द झाली तर तीही मुकाट्याने रद्द होते.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. पहिली ही की, एफपीबी पत्ता पाहतो तो चार बाइटांच्या शब्दाचा, आणि त्या शब्दाचा पूर्वार्ध, उत्तरार्ध की दोन्ही हे वेगळ्या बिटांनी ठरवावे लागते. म्हणून एकाच शब्दात शेजारी नांदणाऱ्या दोन आज्ञांवर एकच कंपॅरेटर पहारा देऊ शकतो. दुसरी ही की, कॉर्टेक्स-एम३ मध्ये एफपीबीची हद्द पत्त्यांच्या पहिल्या ५१२ मेगाबाइटांपुरतीच आहे. रॅम या हद्दीपलीकडे सुरू होते. तेथे ठेवलेल्या कोडवर या सहांची सत्ता चालत नाही, आणि तिची गरजही नाही, कारण तेथे आज्ञा बदलण्याची जुनी रीत विनासायास चालते.

मग सहाऐवजी साठ का नव्हेत? प्रत्येक कंपॅरेटर म्हणजे सिलिकॉनवर कोरलेली गेटांची एक फौज. तिला जागा लागते, वीज लागते, आणि ती जागा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमध्ये अडते, मग त्या चिपला आयुष्यात कधी डिबगर जोडला जावो वा न जावो. म्हणूनच धाकट्या कॉर्टेक्स-एम० मध्ये ब्रेकपॉइंट फार तर चार असतात, आणि पूर्वीच्या आर्म७टीडीएमआय मध्ये तर अवघ्या दोन वॉचपॉइंट विभागांवर सारा कारभार चाले. शिवाय सहाही आपल्या हाती राहतात असे नाही: एखादे फंक्शन ओलांडून पुढे जाण्याचा हुकूम आपण देतो, तेव्हा ते संपून परतण्याच्या जागी डिबगर स्वतःच एक तात्पुरता ब्रेकपॉइंट लावतो, आणि तोही याच सहांतून खर्ची पडतो.

सेगरच्या जे-लिंकसारखी साधने फ्लॅशची पाने पुन्हा लिहून अमर्याद ब्रेकपॉइंट देतात, आणि अटमेलच्या जुन्या डिबगवायर पद्धतीतही ब्रेकपॉइंटसाठी फ्लॅशमध्ये आज्ञा लिहिली जाई; निकडीच्या वेळी ही मुभा जरूर घ्यावी, पण पाने झिजतात याचे भान ठेवून. माझ्या मते अधिक सरस मार्ग दुसरा आहे: जी जागा नेहमीच संशयास्पद वाटते तेथे, उदाहरणार्थ दोष-हाताळणीच्या फंक्शनमध्ये, बीकेपीटी आपल्याच कोडात लिहावी. डिबगर हजर नसताना ती अंमलात आली तर हार्डफॉल्ट ओढवतो, म्हणून आधी डीएचसीएसआर या रजिस्टरमधील डिबग चालू असल्याचा बिट वाचावा आणि तो एक असेल तरच तिच्याकडे जावे. कॉर्टेक्स-एम३ वर प्रोग्रॅमला हे वाचन करता येते, आणि सहांपैकी एकही कंपॅरेटर त्यासाठी खर्च होत नाही.

परंतु पत्रलेखकांना माझे मुख्य सांगणे याहून वेगळे आहे. एफपीबीचा खरा मोठेपणा असा की, ज्या प्रोग्रॅमची तपासणी करावयाची त्याला तो स्पर्शही करीत नाही. दोष शोधण्यासाठी कोडात चार ओळी घातल्या की पुढच्या सर्व आज्ञांचे पत्ते सरकतात, काळाचे गणित बदलते, आणि वेळेच्या चुकीतून जन्मलेला दोष कित्येकदा तेवढ्यानेच दिसेनासा होतो. कंपॅरेटर मात्र जो प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती जावयाचा तोच, बिटन्‌बिट तसाच, आपल्यापुढे उभा करतो. या निर्भेळ साक्षीचे मोल म्हणून संख्या मर्यादित असणे मला मुळीच महाग वाटत नाही. सातव्याची गरज भासेल तेव्हा आधीच्या सहांकडे एकवार पाहावे, आणि त्यांतील प्रत्येक कोणत्या शंकेचे निरसन करण्यासाठी लावला होता हे कागदावर लिहून काढावे. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो खुशाल काढून टाकावा.

एफपीबीतील आणखी दोन कंपॅरेटर आणि ‘पॅच’ ही बाजू येथे राहून गेली. रॉममध्ये कायमचा कोरलेला चुकीचा कोड रॅमकडे वळवून दुरुस्त करण्याची ती युक्ती स्वतंत्र लेखांकाच्या योग्यतेची आहे. पुढील आठवड्यात मात्र आयटीएम आणि त्याचे ३२ पोर्ट; वाचकांनी तोवर आपल्या बोर्डावर एसडब्ल्यूओ ही तार बाहेर काढलेली आहे की नाही, एवढे पाहून ठेवावे.